बाणाचे पीस : कारागिरी, शास्त्र आणि शब्द

धनुर्विद्येत बुलडाणा जिल्ह्याचे नाव आता सर्वदूर पोचले आहे. मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत बुलडाण्याच्या प्रथमेश जवकारने कंपाउंड प्रकाराच्या अंतिम लढतीत नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला १४९-१४८ असे एका गुणाने हरवले. त्याच वर्षी ऑक्टोबरात हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा, नागपूरचा ओजस देवतळे आणि प्रथमेश या तिघांनी दक्षिण कोरियाला २३५-२३० असे नमवून सांघिक सुवर्ण मिळवले. या विजयांवर मराठीत बरेच लिहून आले. सराव, प्रशिक्षण, घरची परिस्थिती, महागडी धनुष्ये, सगळे आले. बाणाच्या मागच्या टोकाशी चिकटवलेली तीन लहान पाती मात्र कोणाच्या लिहिण्यात आली नाहीत. बाण नीट जाणार की भरकटणार, हे पुष्कळ अंशी ही पाती ठरवतात.

हिवरा आश्रम हे याच जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातले गाव. शुकदास महाराजांच्या विवेकानंद आश्रमामुळे आणि तिथल्या शिक्षणसंस्थांमुळे ते ओळखले जाते. इथून हा विषय पाहताना तीन दिशांना नजर जाते. तालुक्याच्या गावी, मेहकरला, शारंगधर बालाजीचे देऊळ आहे. तिथली भव्य मूर्ती १८८८ मध्ये जमिनीतून निघाली. शार्ङ्ग नावाचे धनुष्य धारण करणारा तो शार्ङ्गधर. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ल, कोरकू आणि निहाल यांची वस्ती आहे. आणि मध्ये बुलडाणा शहर, जिथली मुले कार्बनचे बाण चालवतात. पोथी, पाडा आणि मैदान या तिन्ही ठिकाणी बाण आहे, त्याचे पीस आहे आणि त्याचे शब्दही आहेत. या तिघांची आपसात गाठ मात्र पडत नाही. बाणाला पीस कशासाठी, किती, कोणत्या पक्ष्याचे, आणि या सगळ्याला आज मराठीत म्हणायचे काय, या प्रश्नांवर चर्चा कुठवर आली आहे ते पुढे मांडले आहे.

पुरावा कुठे सापडतो

पीस कुजते. दगडी टोक हजारो वर्षे टिकते, हाडाचे टोकही टिकते. काडी, तात आणि पीस आपल्याकडच्या पावसाळ्यात टिकत नाहीत. म्हणून बाणाच्या पिसांचा सर्वांत बोलका प्राचीन नमुना आपल्याकडचा नाही, तो आल्प्सच्या बर्फात मिळाला. १९९१ मध्ये तिथे सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाचा देह सापडला. त्याच्या भात्यात चौदा बाण होते, त्यांतले दोनच पुरे झालेले. त्या दोन बाणांना तीन-तीन पिसे होती, उभी चिरून अर्धी केलेली, झाडाच्या राळेने चिकटवलेली आणि वरून बारीक दोऱ्याने गुंडाळलेली. म्हणजे चिरणे, चिकटवणे आणि बांधणे ही कारागिरीची तिन्ही अंगे तेव्हाच पक्की झाली होती.

आपल्याकडे वस्तू नाही, पण शब्द आहेत, आणि ते फार जुने आहेत. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातले ७५ वे सूक्त युद्धसाहित्यावर आहे. त्यातल्या बाणावरच्या ऋचेत बाणाने सुपर्ण पक्षी पांघरला आहे, त्याचा दात मृगाचा आहे आणि तो गाईने बांधलेला आहे, असे वर्णन येते. सुपर्ण म्हणजे पीस, मृगाचा दात म्हणजे हाडाचे वा शिंगाचे टोक, आणि गाय म्हणजे तिच्या स्नायूची तात. कारागिराने सांगावी तशी ही सामानाची यादीच आहे. ज्याने ती रचली त्याने बाण बनताना जवळून पाहिला होता, याबद्दल मला शंका वाटत नाही.

यानंतरच्या ग्रंथांत मात्र पिसांचा उल्लेख सगळीकडे सारखा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या अध्यायात ताल म्हणजे ताड, चाप म्हणजे बांबू, लाकूड आणि शिंग यांची धनुष्ये येतात. मूर्वा, रुई, ताग, स्नायू यांच्या दोऱ्या येतात. वेणू, शर, शलाका, दंडासन, नाराच हे बाणांचे प्रकार आणि लोखंड, हाड, लाकूड यांची टोकेही येतात. पिसे त्या यादीत नाहीत. राजाच्या कोठाराचा हिशेब ठेवणाऱ्याला पीस ही वेगळी नोंदण्याची वस्तू वाटली नसावी, असा माझा तर्क. महाभारतात मात्र उलट चित्र आहे. तिथे बाणाचे वर्णन बहुधा पिसावरूनच होते. कंकपत्र, गार्ध्रपत्र म्हणजे गिधाडाच्या पिसांचा, मोरपिसांचा, सोनेरी पुंखांचा म्हणजे मागच्या टोकांचा, अशी विशेषणे पानोपानी आहेत. विराटपर्वात शमीच्या झाडावर लपवलेली पांडवांची शस्त्रे राजपुत्र उत्तर खाली काढतो, तेव्हा त्याला कुणाचा बाण कोणता हे ओळखायचे असते. तिथेही खुणा दिसण्याच्याच आहेत.

किती पिसे, कोणत्या पक्ष्याची

नियम सांगणारे ग्रंथ हे धनुर्वेदाचे. अग्निपुराणात धनुर्वेदाचे अध्याय आहेत, वसिष्ठाच्या नावावरची धनुर्वेदसंहिता आहे, आणि १३६३ च्या शार्ङ्गधरपद्धतीत हा विषय आला आहे. वसिष्ठसंहितेचा काळ नक्की करता येत नाही, ती उत्तरकालीन संकलन असावी असे बहुतेकांना वाटते. पण पिसांबाबत ती स्पष्ट बोलते. कावळा, हंस, ससाणा, मासे खाणारा शिकारी पक्षी, क्रौंच, मोर, गिधाड आणि कोंबडा, या आठांची पिसे चांगली. प्रत्येक बाणाला चार पिसे लावावीत. पीस सहा अंगुळे कापावे. शार्ङ्ग धनुष्याच्या बाणाला मात्र दहा अंगुळे लांबीचे पीस घ्यावे आणि ते स्नायूच्या तंतूंनी घट्ट बांधावे.

अंगुळ साधारण पावणेदोन ते दोन सेंटिमीटर धरले तर सहा अंगुळे म्हणजे अकरा सेंटिमीटरच्या आसपास आणि दहा अंगुळे म्हणजे एकोणीसच्या आसपास. शिंगाच्या धनुष्याचा, म्हणजे शार्ङ्गाचा, जोर जास्त, म्हणून त्याच्या बाणाला लांब पीस. यात व्यवहार दिसतो. मरी एमेनो यांनी १९५३ मध्ये भारतातल्या संमिश्र धनुष्यावर लिहिलेल्या दीर्घ लेखात शार्ङ्ग हे शिंग वापरून बनवलेले धनुष्य असल्याची बाजू मांडली, आणि जी. एन. पंत यांच्या १९७८ च्या ‘इंडियन आर्चरी’ या पुस्तकात धनुर्वेदाची ही सामग्री एकत्र मिळते. मेहकरच्या देवाचे नाव त्याच धनुष्यावरून आलेले आहे.

चार पिसांचा नियम हा वादाचा पहिला मुद्दा. जगभर तीन पिसांचे बाण जास्त आढळतात, आणि आजच्या स्पर्धेतले बाणही बहुतेक तीन पात्यांचेच असतात. तीन पाती १२० अंशांवर बसतात, त्यांतले एक वेगळ्या रंगाचे असते आणि बाण दोरीला लावताना ते कुठल्या बाजूला आहे हे पाहावे लागते. चार पाती सारख्या अंतरावर बसवली तर बाण उलटा-सुलटा कसाही लावला तरी चालतो. घाईत, अंधारात किंवा घोड्यावर बसून बाण सोडणाऱ्याला याचा उपयोग होतो, म्हणून चार हा युद्धातल्या बाणाचा नियम असावा, असा एक पक्ष. दुसऱ्या पक्षाला यात शास्त्रकाराची चौकटप्रियता दिसते. चार वर्ण, चार वेद, तशीच चार पिसे. मला पहिला पक्ष जास्त पटतो, कारण त्याच ग्रंथात पिसांची लांबी धनुष्याप्रमाणे बदलते. ज्याने ते लिहिले त्याला बाण हाताळणारी माणसे माहीत होती. तरी ग्रंथात चारचे कारण दिलेले नाही.

दुसरा वाद पक्ष्याच्या ओळखीचा. कंकपत्र बाण म्हणजे कंक पक्ष्याच्या पिसांचा बाण. कोशांत कंक म्हणजे बगळ्याच्या जातीचा पक्षी. पण महाभारतातला कंक रणभूमीवर प्रेतांभोवती जमतो, आणि बगळा मेलेले मांस खात नाही. जेम्स फिट्झजेराल्ड यांनी १९९८ मध्ये अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या नियतकालिकात हीच विसंगती पकडली. मेलेले मांस खाणारे काही करकोचे आहेत, काही गरुड आहेत, पण बगळे आणि मासेमार घारी नाहीत, तेव्हा महाभारतातल्या कंक आणि कुरर या नावांमागचे पक्षी नव्याने शोधावे लागतील, असे त्यांचे म्हणणे. बाणाच्या बाजूने पाहिले तरी हे सयुक्तिक वाटते. बाणाला मोठे, ताठ, रुंद पीस लागते. मोठ्या करकोच्याचे किंवा गिधाडाचे पंखपीस ती गरज भागवते. मराठी टीकाकार आणि अनुवादक मात्र अजून कंकपत्र या शब्दापाशी आले की बगळा लिहून पुढे जातात.

पीस बांधताना

ग्रंथांत न सापडणारा तपशील हातात आहे. तो नीट समजल्याशिवाय पुढचे वाद कळत नाहीत, म्हणून थोडे थांबून पाहू.

मोराच्या शेपटीचे डोळा असलेले पीस बाणाला चालत नाही. ते सैल असते, वाऱ्याला थारा देत नाही. लागते ते पंखातले उडण्याचे पीस. त्याच्या मधल्या कण्याच्या एका बाजूचे पाते रुंद असते, दुसऱ्या बाजूचे अरुंद. रुंद बाजू घ्यायची. धारदार पात्याने कणा टोकापासून मुळापर्यंत उभा चिरायचा, मग तो दगडावर किंवा कानशीवर घासून पातळ आणि सपाट करायचा, कारण जाड राहिला तर तो बाणाला धरत नाही आणि पातळ झाला तर तुटतो. पिसाचे तंतू एकमेकांत इतक्या बारीक आकड्यांनी अडकलेले असतात की बोटाने उलटे फिरवले तर ते सुटतात आणि सुलटे फिरवले की पुन्हा जुळतात. बाण गवतातून किंवा झुडपातून गेल्यावर पीस विस्कटते, पण दोन बोटांत धरून ओढले की पुन्हा नीट बसते. प्लॅस्टिकच्या पात्याला हा गुण नाही.

त्यानंतर बांधणी. पुढचे टोक तातीने किंवा दोऱ्याने काडीला आवळायचे, मग तोच दोरा तंतूंच्या मधून वळसे देत मागे न्यायचा, दोन-तीन तंतूंनंतर एक वळसा, आणि मागे खाचेच्या अलीकडे पुन्हा आवळायचे. वरून डिंक किंवा लाख. ओली तात वाळल्यावर आकसते, म्हणून तिची पकड दोऱ्यापेक्षा चांगली. ऋचेत गाईने बांधलेला बाण म्हटले ते याचमुळे.

यातला सर्वांत महत्त्वाचा नियम वरवर पाहणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. पक्ष्याच्या डाव्या पंखाचे पीस एका बाजूला वळते, उजव्या पंखाचे दुसऱ्या बाजूला. एका बाणाला दोन्ही पंखांची पिसे मिसळून लावली तर ती एकमेकांच्या विरुद्ध काम करतात. म्हणून एका बाणाला एकाच पंखाची पिसे. जपानच्या क्यूदो या धनुर्विद्येत याचा पूर्ण विचार केलेला आहे. तिथे बाण जोडीने वापरतात. हाया हा पहिला आणि ओतोया हा दुसरा, आणि दोघांची पिसे उलट वळणाची असल्याने ते विरुद्ध दिशांना फिरत जातात.

प्रत्येक बाणाला पीस लागतेच असेही नाही. अंदमानातल्या आदिवासींचे बाण बिनपिसांचे असतात. अगदी जवळून मासा मारायचा असेल तर पिसाचे काम पडत नाही. अंतर वाढले की पिसाची गरज वाढते. लंडनमध्ये तर बाण बनवणाऱ्यांचा, म्हणजे मुख्यतः पिसे लावणाऱ्यांचा, संघ १३७१ मध्येच धनुष्य बनवणाऱ्यांपासून वेगळा झाला, आणि रॉजर अॅस्कमने १५४५ च्या आपल्या ग्रंथात हंसजातीच्या बदकाचे पीस सर्वांत श्रेष्ठ ठरवले. आपल्याकडे असा वेगळा व्यवसाय होता की बाण बनवणारा सगळेच करत असे, हे ग्रंथांवरून ठरत नाही.

पिसे नेमके काय करतात

सुटताना बाण सरळ जात नाही. दोरी त्याला मागून ढकलते आणि तो धनुष्याभोवती वळसा घेत, वाकत, थरथरत निघतो. याला इंग्रजीत धनुर्धराचा विरोधाभास म्हणतात. १९३० च्या दशकात क्लॅरन्स हिकमन आणि पॉल क्लॉपस्टेग या दोन अमेरिकन अभ्यासकांनी त्यावर बरेच काम केले. बाण कितपत लवचीक आहे, याला मैदानावर स्पाइन म्हणतात, आणि धनुष्याच्या जोराशी त्याचा मेळ बसावा लागतो.

थरथरणाऱ्या बाणाला पिसे सरळ करतात ती वाऱ्याच्या रेट्याने. बाणाचे वजन पुढे, पिसांचा अडथळा मागे. बाण तिरका झाला की मागचे टोक वाऱ्यात जास्त अडते आणि पुन्हा रेषेत येते, पतंगाला शेपटी जे करते तेच. या भागावर आज मतभेद नाही. मतभेद आहे तो फिरण्यावर. पिसे किंचित तिरकी लावली की बाण स्वतःभोवती फिरतो. काहींना वाटते की भोवऱ्यासारखे हे फिरणेच बाणाला स्थिर ठेवते. दुसऱ्यांच्या मते बाणाची फिरण्याची गती त्यासाठी पुरेशी नसते. फिरण्याचा खरा फायदा असा की काडीतला बारीक वाकडेपणा किंवा पिसांतला फरक सगळ्या बाजूंना सारखा वाटला जातो. आजचे बहुतेक अभ्यासक दुसऱ्या बाजूला झुकतात. जपानमध्ये ताकेशी मियाझाकी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये जे काम प्रसिद्ध केले ते या बाबतीत पाहण्यासारखे आहे. वाऱ्याच्या बोगद्यात बाण चुंबकांच्या आधारे हवेत लटकवून त्यांनी त्यावरचा रोध मोजला. बाणाला लागून वाहणारी हवा शांत आहे की खळबळलेली, यावर रोध मोठ्या प्रमाणात बदलतो, असे त्यातून दिसले. म्हणजे पिसे चांगली की वाईट हे फक्त पिसे पाहून सांगता येत नाही.

मैदानावर ही गोष्ट मुले वेगळ्या रीतीने शिकतात. बिनपात्याचा बाण, ज्याला ती बेअर शाफ्ट म्हणतात, पात्यांच्या बाणांबरोबर सोडायचा आणि तो कुठे जातो ते पाहायचे. पात्यांशिवायचा बाण जितका दूर जाऊन पडेल तितकी धनुष्याची जुळणी बिघडलेली. पिसे चूक झाकतात, म्हणून चूक पाहायची असेल तर पिसे काढून पाहा, हे कोणत्याही प्रशिक्षकाला माहीत असते. आंतरराष्ट्रीय नियमांतही पिसांचा आणि बाणांचा विचार आहे. काडीची जाडी ९.३ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी, आणि एका फेरीत वापरलेले सगळे बाण सारखे असावेत, पात्यांचा रंग आणि नमुनाही तोच असावा.

गिधाड, मोर आणि कायदा

पिसांचा प्रश्न आज पक्ष्यांचाही आहे. ग्रंथांनी वाखाणलेल्या पक्ष्यांपैकी गिधाड भारतातून जवळजवळ नाहीसे झाले. १९९० च्या दशकापासून पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाऊन त्याची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ मध्ये सिद्ध झाले, आणि २००६ मध्ये भारताने या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. बाणामुळे गिधाडे गेली नाहीत, हे आधी सांगायला हवे. पण गिधाडाचे पीस आता बाणाला मिळणार नाही आणि मिळूही नये.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ ने शिकारीवर बंधने आणली, आणि त्यातल्या ट्रॉफीच्या व्याख्येत पीसही येते. मोराच्या बाबतीत कायद्याने गळालेल्या शेपटीच्या पिसांना देशांतर्गत व्यापारात सूट दिली आहे. पण वर सांगितल्याप्रमाणे बाणाला शेपटीचे नाही तर पंखाचे पीस लागते, आणि ती सूट पंखाच्या पिसाला नाही. म्हणून बाणाला मोरपीस लावण्याची जुनी रीत कायद्याने बंद आहे, ही गोष्ट हौशी लोकांच्या ध्यानात येत नाही. वाट उरते ती पाळीव पक्ष्यांची. टर्की, बदक आणि कोंबडा. कोंबडा तर वसिष्ठसंहितेच्या यादीतच आहे. पक्ष्यांचे भले आणि कारागिरीचे भले यांत इथे खरे भांडण नाही, असे माझे मत आहे. काही कारागीर मात्र टर्कीचे पीस हे विकत आणलेले, परके पीस मानतात. त्यांची नाराजीही समजून घेण्यासारखी आहे. पीस कुठून आले, कुणी दिले, कोणत्या पक्ष्याने सांडले, हे त्या बाणाच्या ओळखीचा भाग होते.

शब्द

भाषेचा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि त्यावरच सर्वांत कमी लिहिले गेले आहे.

मराठीत बाणाचे शब्द तीन थरांत आहेत. पहिला थर संस्कृताचा. बाण, शर, भाता, पुंख, फल, शल्य, वाज. वाज म्हणजे बाणाचे पीस हे आज कुणाला आठवत नाही, पण पत्रिन् हे बाणाचे आणि पक्ष्याचे दोघांचेही नाव होते. दुसरा थर फारसीचा. तीर, तिरंदाज, कमान, तरकस. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी राजव्यवहारकोश रचला, तेव्हा फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आणि त्यात शस्त्रांचा वर्ग स्वतंत्र केला. तरी तीर आणि तिरंदाज मराठीत टिकले. आजही वर्तमानपत्रांत एकाच पानावर धनुर्विद्या आणि तिरंदाजी हे दोन्ही शब्द दिसतात. तिसरा थर मैदानाचा. शाफ्ट (काडी), नॉक (खाच), पॉइंट (टोक), वेन (पाते), फ्लेचिंग (पाती लावणे), जिग (पाती लावण्याचे साधन). बुलडाणा, अमरावती, सातारा, नागपूर इथल्या मुलांच्या तोंडी हेच शब्द आहेत. वेन निघाली, नॉक तुटला, हे त्यांचे रोजचे मराठी.

या तिन्ही थरांच्या खाली आणखी एक थर आहे आणि तो सर्वांत कमी नोंदलेला आहे. कामठा म्हणजे धनुष्य हा शब्द मराठीत आहे आणि सातपुड्याच्या बोलींतही आहे. भिल्ल या नावाचेच मूळ द्राविड भाषांतल्या धनुष्यवाचक विल किंवा बिल या शब्दात शोधले जाते. हे मत व्यापक असले तरी त्यावर एकमत नाही. बाण हा शब्दही मुळात ऑस्ट्रोआशियाई असावा, असे ज्याँ प्शिलुस्की यांनी मांडले होते. तेही सर्वमान्य झालेले नाही. म्हणजे ज्या शब्दांना आपण संस्कृत समजतो त्यांतले काही जंगलातून पोथीत गेलेले असू शकतात.

बुलडाणा जिल्ह्यासाठी इथे खास महत्त्वाची भाषा निहाली आहे. जळगाव जामोदच्या परिसरात बोलली जाणारी ही भाषा कोणत्याही ज्ञात भाषाकुळात बसत नाही. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०६ च्या खंडात ती कोरकूच्या सोबत आली. सुधिभूषण भट्टाचार्य यांनी १९५७ मध्ये तिची क्षेत्रटिपणे छापली, कॉयपर यांनी १९६२ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले, पुण्याच्या आशा मुंडले यांचा निहाली शब्दसंग्रह १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि डेक्कन कॉलेजचे शैलेंद्र मोहन यांनीही तिच्यावर काम केले आहे. हे सगळे भाषाशास्त्रज्ञांचे काम. धनुष्यबाण बनवणाऱ्यापाशी बसून त्याच्या प्रत्येक कृतीचा शब्द टिपण्याचे काम हे वेगळे, आणि ते करणारा माणूस भाषाशास्त्रज्ञच असला पाहिजे असे नाही.

मैदानावरच्या शब्दांचे काय करायचे यावर साधारण तीन मते ऐकू येतात. एक मत असे की खेळाचे शब्द खेळाबरोबर येतात, वेन आणि नॉक मराठीत रुळले आहेत, ते तसेच ठेवावेत. दुसरे मत शासकीय परिभाषेच्या परंपरेतले. संस्कृतावरून नवे शब्द घडवावेत. तिसरे मत लोकभाषेतल्या शब्दांना परत आणण्याचे. पीस, पिसारा, खाच, काडी, तात, फाळ. पहिल्या मताचा जोर व्यवहारात आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा येणार आहे, तेव्हा मराठी वार्ताहरांना हे शब्द रोज लिहावे लागतील आणि त्यांच्यासमोर खेळाडू जे बोलतील तेच छापले जाईल. दुसऱ्या मताकडे कोश आहेत पण बोलणारे नाहीत. तिसऱ्या मताकडे बोलणारे आहेत पण त्यांचा शब्द अजून कुणी नीट लिहून घेतलेला नाही. माझा कल तिसऱ्याकडे आहे, पण जबरदस्तीचा नाही. वेनला पाते म्हणून पाहा. खेळाडूला ते सोयीचे वाटले तर टिकेल, नाही तर नाही. नॉकला खाच हा शब्द तर कुठेही घडवावा लागत नाही, तो सुताराकडेही आहे आणि बाण बनवणाऱ्याकडेही.

काय बाकी आहे

काही प्रश्न पुढच्या संशोधनाने सुटतील. कंक कोणता पक्षी, चार पिसांचा नियम प्रत्यक्षात किती पाळला गेला, संग्रहालयांत ठेवलेल्या जुन्या भारतीय बाणांवर किती पिसे आहेत आणि ती कशी बांधली आहेत, हे मोजून पाहता येईल. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयासारख्या ठिकाणी असलेले बाण या नजरेने पाहिले तर वेगळी माहिती हाती येईल. अजिंठ्याच्या १० आणि १७ क्रमांकांच्या लेण्यांत श्यामजातकाच्या कथेत बाण सोडणारा राजा येतो. त्या चित्रांचा अभ्यास शस्त्राच्या बाजूने व्हायला हवा.

एक प्रश्न मात्र संशोधकाची वाट पाहणार नाही. सातपुड्यात शिकारीवर कायद्याची बंधने येऊन पन्नास वर्षे झाली. कामठा आता होळीला, लग्नात, देवापुढे दिसतो. ज्यांनी स्वतःच्या हाताने पीस चिरले आणि तातीने बांधले ती माणसे आता म्हातारी आहेत. जळगाव जामोद, संग्रामपूर आणि मेळघाटातल्या शिक्षकांना, तिथल्या महाविद्यालयीन मुलांना, आणि हिवरा आश्रमासारख्या ठिकाणाहून ग्रामीण भागात काम करणाऱ्यांना माझी विनंती आहे. वहीच्या पानावर बाणाचे चित्र काढा. टोक, काडी, खाच, पीस, बांधणी, दोरी, भाता. चित्र समोर ठेवून म्हाताऱ्या माणसाला प्रत्येक भागाचे नाव त्याच्या भाषेत विचारा आणि ऐकाल तसे देवनागरीत लिहा. पीस कोणत्या पक्ष्याचे लावत, किती लावत, डाव्या-उजव्या पंखाचा फरक पाहत का, हेही विचारा. पीस विकत मागू नका, नमुना मागू नका. चित्र आणि शब्द पुरेसे आहेत. त्या माणसाचे गाव, बोली आणि तारीख खाली लिहून ते पान जवळच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाकडे द्या.